इंग्रजीतला दंत्य स

इंग्रजी भाषेत दंत्य सकार नाही. जो आहे तो तालव्य श. आणि जे कोणी त्या जागी स म्हणतात, ते एका प्रौढ भाषेची विटंबना करतात. हा सिद्धांत पुण्यात प्रथम मांडला तो सदाशिव पेठेतल्या अनंतपंत टोकेकरांनी. तो अखेरपर्यंत कोणी खोडून काढला नाही. कोणाला इंग्रजी येत नव्हते.

पेशवाईची ती शेवटची वर्षे होती. शेवटची आहेत हे अर्थात कोणाला ठाऊक नव्हते. श्रावणात रमण्यावर दक्षिणा वाटली जात होती आणि आंबेमोहोराला वास होता. इंग्रजांचा वकील मुळा-मुठेच्या संगमावर बंगले बांधून राहिला होता, त्यांची फौज गारपिरावर उतरली होती, आणि या दोन ठिकाणांहून इंग्रजी शब्द शहरात येत होते. नाक्यावर सुपारीच्या पोत्यांची झडती होई, शब्दांची होत नसे. त्यामुळे ते हवे तसे आत येत, पेठांतून हवे तसे वापरले जात, आणि ते अनंतपंतांच्याने बघवत नसे.

टोकेकरांचे घराणे मूळचे टोके गावचे, म्हणून ते टोकेकर. पेठेत मात्र कोणालाही विचारले तरी तो वेगळी व्युत्पत्ती सांगे.

एकदा शेजारचे गोपाळशास्त्री ओट्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पंत, आज आमच्याकडे पलटण उतरली आहे. मुलीची मुलं आलीत."

"किती आहेत?"

"चार."

"मग ती पलटण नव्हे. पलटणीला शेकड्यांनी माणसं लागतात."

"पंत," शास्त्री शांतपणे म्हणाले, "एकदा घरात येऊन बघा."

कंपू हे दुसरे दुखणे. कंपू म्हणजे फौज उतरते ती जागा, आणि जागा चालून येत नाही, हे पंतांनी शहराला कितीदा तरी सांगितले होते. होळकरांच्या दंग्यात अर्धे पुणे डोक्यावर गाठोडी घेऊन सिंहगडाच्या वाटेला लागले, तेव्हा "कंपू आले, कंपू आले" असा एकच गलका चालला होता. पंतांनी पळता पळता दोघांना हा फरक समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. ते दोघे थांबले नाहीत, याचे पंतांना अजून वाईट वाटे.

कंपनी ही विलायतेतली कोणी श्रीमंत बाई आहे, अशी निम्म्या शहराची समजूत होती, आणि उरलेल्या निम्म्याचा वाद ती सधवा की विधवा एवढ्यापुरताच होता. पंतांनी घरी खुलासा केला, की कंपनी म्हणजे नुसती सोबत. चार माणसे सोबतीने व्यापार करतात, ती कंपनी.

पत्नी सगुणाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "सोबतीला म्हणून आलेली माणसं एवढ्या तोफा कशाला आणतात?"

पंतांना हे व्याकरणाच्या बाहेरचे वाटले. 

पण सर्वांत मोठा घाव गोपाळशास्त्र्यांनी घातला. मुंबईच्या गव्हर्नराला पुण्यात गोरनर म्हणत. शास्त्र्यांनी त्याचा भर ओट्यावर समास सोडवून दाखवला. गोरा असा जो नर, तो गोरनर, कर्मधारय. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी पंत जेवले नाहीत.

पंतांचा हा अधिकार आला होता संगमावरून. सवाई माधवरावांच्या वेळची गोष्ट. पंत तेव्हा तरुण होते, व्याकरण संपवून बसले होते, आणि संगमावरच्या एका साहेबाला मराठी शिकवायला कोणी तरी हवे होते. साहेब वकिलाच्या हाताखाली लिहिण्याचे काम करी. त्याने आपले नाव सांगितले ते शिम्शन. बाकीचे ब्राह्मण विटाळाच्या धास्तीने गेले नाहीत. पंत गेले. येताना स्नान करून घरी येत. नदी वाटेतच होती.

संगमावरच्या त्या सकाळी पंतांच्या डोक्यातून कधी गेल्या नाहीत. साहेब पडवीत वेताच्या खुर्चीवर बसे, पंत हातभर लांब आपल्या पाटावर. खाली दोन नद्यांचे पाणी एकमेकांत शिरताना दिसे. मुठेचे जरा गढूळ, मुळेचे जरा संथ. साहेबाने मराठी शिकायचे आणि बदल्यात पंतांनी इंग्रजी, असे दोघांनी कोणालाही न विचारता ठरवून टाकले होते. साहेब न्याहारीच्या टेबलावरची एकेक वस्तू उचली आणि नाव सांगे. श्पून. शॉशर. शॉल्ट. शूप. पंत डोळे मिटून ते घोकत, संथा घेतल्यासारखे.

साहेबाचे मराठी मात्र फार पुढे गेले नाही. सदाशिव पेठेला तो शदाशिव पेठ म्हणे, संगमाला शंगम, आणि सरस्वतीला जे म्हणे ते सांगण्यासारखे नाही. पंतांनी पुष्कळ दिवस खटपट केली. मग त्यांच्यातला वैयाकरण जागा झाला. ज्या अर्थी या माणसाच्या जिभेला सकार वळत नाही, त्या अर्थी त्याच्या मातृभाषेत तो नसलाच पाहिजे. त्यांनी टेबलावरचे सगळे शब्द पुन्हा म्हणवून घेऊन पडताळून पाहिले. एकातही सकार निघाला नाही. नियम सिद्ध झाला.

संगमावर दुसरे साहेबही होते, आणि त्यांच्या बोलण्यात लांबून कधी कधी स सारखे काहीतरी ऐकू येई. पण ते बहुतेक लष्करातले. शिलेदारांच्या बोलण्यावरून कोणी मराठीचे व्याकरण लिहील का, असे पंत विचारत.

शिम्शनसाहेबासारखा मऊ माणूस पंतांनी पाहिला नव्हता. तो हसताना तोंडापुढे रुमाल धरी. एवढा विनय पंतांना वैदिकांतही आढळला नव्हता. एकदा पंतांनी परसातले पेरू नेले. साहेबाने ते टेबलावर मांडून ठेवले, दिवसभर हातात घेऊन वास घेतला, पण खाल्ला एकही नाही. पंतांनी हे घरी सांगितले तेव्हा सगुणाबाईंनी जास्त काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी द्रोण भरून शिरा दिला. साहेबाने तो पुसून खाल्ला आणि विचारले, "काय म्हणतात?"

"शिरा."

"शिरा," साहेब म्हणाला. बिनचूक. त्याला पहिल्या झटक्यात आलेला हा एकमेव मराठी शब्द. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी द्रोण संगमावर जाऊ लागला.

पुढे साहेबाची प्रकृती बिघडली आणि तो मुंबईला निघाला. पालखीत बसल्यावर त्याने हात बाहेर काढला, पण ब्राह्मणाला शिवायचे नाही हे आठवून तो नुसताच वर धरला आणि म्हणाला, "गॉड ब्लेश यू, पंत." नंतर वर्षाच्या आत तिकडेच वारल्याची बातमी आली. पंतांनी त्याचे सुतक धरले नाही, कारण तसे शास्त्र नव्हते. पण महिनाभर ते कोणाला टोकल्याचे पेठेत कोणाला आठवत नाही.

मग दंगा झाला, संगमाची माणसे बदलली, नवे मुनशी आले, आणि पंतांना कोणी बोलावले नाही. पोटाला काही कमी नव्हते. कमी होते ते वेगळेच. शास्त्र एकट्याने म्हणता येते. भाषा बोलायला समोर माणूस लागतो. पंत पहाटे ओंकारेश्वराच्या घाटावर पाण्यात कमरेइतके उभे राहून गायत्रीनंतर हळूच म्हणत, "गुड मॉर्निंग, शर. यश, शर. नो, शर." नदी उत्तर देत नसे. हळूहळू शब्द निसटू लागले. एकदा चमच्याचा शब्द त्यांना सबंध दिवस आठवला नाही. रात्री जेवताना आमटीच्या पळीकडे बघून तो एकदम आठवला. आपल्या माघारी हे शुद्ध इंग्रजी पुण्यात कोणाच्याच तोंडी उरणार नाही, याचे भय त्यांना त्या दिवसापासून बसले.

अशातच एका सकाळी भांबुर्ड्याचा सोनबा आला. तो संगमावरच्या तबेल्याला गवत घाली आणि जाता येता पंतांकडे भाजी टाकी. आज टोपलीत भाजीवर गुळाची ढेप होती.

"पंत, नात झाली," तो म्हणाला. "बारशाला यायाचं."

"छान. नाव काय ठेवताय?"

"सोजर."

पंत विडा लावत होते. चुन्याचे बोट तसेच राहिले. "हे कुठलं नाव?"

सोनबा खाली टेकला. "सूनबाईला दिस भरल्यालं. म्हायेराहून आनताना मुळंच्या उतारात गाडीचं चाक रुतलं. पानी वाढाय लागलं. आमी रेटतोय, रेटतोय, तर जागचं हालंना. येवढ्यात कुठनं तर एक गोरा आला. बूट काढलं न्हाईत का काय न्हाई, तसाच पान्यात घुसला आन खांदा लावला. दुसऱ्या दिशी पोर झाली. मंग म्हनलं, त्येचंच नाव ठिवू. तर समदी त्येला सोजर म्हनत व्हती."

"अरे, ते त्याचं नाव नव्हे. तो हुद्दा आहे. त्याचा अर्थ शिपाई."

"शिपाई तर शिपाई. मानूस गुनाचा व्हता."

"आणि शब्द सोजर नाहीच मुळी. शोल्जर. म्हण."

सोनबाने आज्ञाधारकपणे म्हणून पाहिले. "शोलजर." मग मान हलवली. "न्हाई पंत. ह्ये तापाचं नाव वाटतंय."

"पुरुषाचं पद, ते पुन्हा अशुद्ध, आणि ते तान्ह्या मुलीच्या कानात सांगायचं. मी बारशाला येणार नाही."

"बरं," सोनबा म्हणाला. त्याला राग आला नाही. पंतांचा राग यायला पंतांशी रोजचा संबंध नसावा लागे. उठता उठता तो म्हणाला, "तुमाला येक सांगायचं ऱ्हायलं. संगमावं नवा सायेब आलाय. जुना मुनशी गेला गावाला. त्येला बोली समजावनारा मानूस पायजेल हाय म्हनं. तबेल्यातला मोतद्दार म्हनत व्हता."

पंतांनी विडा खाली ठेवला. त्यांनी विचारले, "तुझी गाडी परत कधी जायची?"

"उंद्या सकाळी."

त्या रात्री पंतांनी टेबलावरचे सगळे शब्द उजळून काढले. सकाळी त्यांनी ठेवणीतले पागोटे घातले, नवे उपरणे घेतले. सगुणाबाईंनी हातावर दही घातले.

"इकडून तिथं कोणाला टोकणं होऊ नये म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

"त्यांना टोकायचं कारण काय? भाषा त्यांची आहे."

लकडी पुलावरून गाडी भांबुर्ड्याच्या रस्त्याला लागली, तसे पंत गवताच्या भाऱ्यावर ताठ होऊन बसले. किती वर्षांनी ते या रस्त्याने जात होते. बाभळी तेव्हा एवढ्या उंच नव्हत्या. या वळणावर द्रोणातला शिरा हिंदकळू नये म्हणून ते पूर्वी जरा सावकाश चालत. आजही वळण आले तसा त्यांचा हात आपोआप सावरल्यासारखा झाला, आणि हात रिकामा आहे हे बघून त्यांनी तो उपरण्याखाली घेतला.

संगमाच्या फाटकावर जयसिंग नावाचा पुरभय्या शिपाई पहाऱ्यावर होता. गाडी दिसताच त्याने बंदूक आडवी धरली आणि घसा फोडून विचारले, "हुकुमदार?"

"फरेन," सोनबा बैलाची शेपटी सोडवत म्हणाला.

"पास फरेन. आलबेल." मग त्याचे लक्ष गवतावरच्या पागोट्याकडे गेले. "ये कौन? हुकुमदार?"

पंत खाली उतरले. उपरणे सारखे केले. "बाबा रे," ते हिंदुस्थानीत समजावणीच्या सुरात म्हणाले, "हुकुमदार असा शब्द नाही. तिथे कोण येतं, असा तो प्रश्न आहे. हू कम्श देअर. शांतपणे म्हण. हू, कम्श, देअर."

जयसिंगाने बंदूक आडवीची उभी केली. "हुकुमदार?"

"पंत, फरेन म्हना," सोनबा कुजबुजला.

"शब्द फ्रेंड आहे."

"अवो, शब्द कंचा का आसंना, बंदूक खरी हाय."

"मी फ्रेंड म्हणेन."

"फ्रेंड," पंत मोठ्याने म्हणाले. जयसिंगाने हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता. त्याने बंदुकीच्या घोड्यावर अंगठा ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारले. एका अक्षराने काय होते, हे निदान पुण्याच्या माणसाला तरी सांगावे लागू नये. पंतांनी फाटकाच्या आत पाहिले. पडवी दिसत होती. वेताची खुर्ची होती, तीच की दुसरी ते कळत नव्हते. तिच्यामागे नदी तशीच होती. इथून परत फिरायचे, घाटावर उभे राहून पाण्याला यश शर म्हणायचे, आणि एके दिवशी चमचा कायमचा विसरायचा.

"फरेन," पंत म्हणाले. 

"पास फरेन. आलबेल," जयसिंग खुशीत म्हणाला आणि बाजूला झाला.

"ऑल्श वेल," पंत पुटपुटले. पण ते स्वतःशीच.

"म्हादेवाला बेल व्हात्यात त्ये म्हनतोय न्हवं?" सोनबा म्हणाला. "परक्या मुलखातला हाय, पन नाव घेतो द्येवाचं."

नवा साहेब चाळिशीच्या घरातला होता, पण नुकतीच दाढी केल्यासारखा तुकतुकीत. त्याने पंतांना पाहून उठल्यासारखे केले आणि पाट मागवला. पाट आला नाही, सतरंजी आली. पंत तिच्या कडेवर बसले. साहेब इंग्रजीत काहीतरी बोलला. पंतांनी ते ऐकले आणि त्यांना मनापासून वाईट वाटले. बोलणे भराभर, अर्धे गिळलेले, आणि जागोजागी सकार. शुद्ध, ढळढळीत, दंत्य सकार. वीस-पंचवीस वर्षांत ही भाषा कुठे जाऊन पोचली, असे त्यांच्या मनात आले. पूर्वीची माणसे गेली, म्हणजे त्यांचे उच्चारही जायचेच.

मग पंतांनी रात्रभर जुळवलेले भाषण केले. शर, मी पूना शिटीचा रहिवासी. शंश्कृत व्याकरण जाणतो. शाहेबांची शर्व्हिश करण्याची इच्छा आहे. हे सारे त्यांनी इंग्रजीत, सावकाश, एकेक श नीट तोलून म्हटले.

साहेबाने खालचा ओठ दातांत धरला. मग टेबलावरचा कागद उचलून तोंडापुढे धरला. कागद हलत होता, साहेबाचे खांदेही हलत होते. पुण्याचे पाणी नव्या माणसाला बाधते, हे पंतांना ठाऊक होते. ते थांबले.

"कोणाकडे शिकलात?" साहेबाने कागदाआडून मोडक्या हिंदुस्थानीत विचारले.

"मिश्टर शिम्शन."

"कोण?"

"शिम्शन."

साहेबाला आधी कळेना, मग एक अंदाज आला. त्याने टाकाने कागदावर अक्षरे काढली आणि कागद पुढे केला. पंतांनी तो लांब धरून पाहिला. ही अक्षरे त्यांनी सहीत शेकडो वेळा पाहिली होती. "होय," ते म्हणाले. "लिहितात असं. म्हणायचं शिम्शन. त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे."

साहेबाचे हसू थांबले. त्याने टाक खाली ठेवला. मग म्हणाला, की जहाजातून उतरलो तेव्हा मी कोवळा होतो, मुंबईत कोणाला ओळखत नव्हतो. तापाने पडलो. ज्या माणसाने आपल्या घरी नेऊन माझ्या उशाशी रात्री काढल्या, तो सिम्सन. तो गेला तेव्हाही मी जवळ होतो. तो पुण्याचं फार बोले.

"काय बोलत?"

"एका खाण्याच्या पदार्थाचं. नाव विसरलो."

पंतांनी नाव सांगितले नाही. त्यांनी सतरंजीची सुरकुती बोटाने सारखी केली.

"बोला ना," साहेब म्हणाला. "तुम्ही त्याच्याकडे जे शिकलात ते. काहीही चालेल."

पंतांनी डोळे मिटले. सतरंजी गेली, पाट आला. "श्पून," ते म्हणाले. "शॉशर. शॉल्ट." प्रत्येक शब्दानंतर शिम्शनसाहेब जेवढा थांबे तेवढे ते थांबत होते. शूपच्या आधी त्याला बारीक खोकल्याची सवय होती. पंत शूपच्या आधी खोकले. त्या खोकल्याला नवा साहेब खुर्चीवरून उठला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला. पंतांनी डोळे उघडले तेव्हा तो बाहीने डोळे टिपत होता.

शुद्ध उच्चाराचा असा परिणाम होतो, हे पंतांनी ग्रंथांत वाचले होते. प्रत्यक्ष आज पाहिले.

थोड्या वेळाने साहेब वळला. अडखळत त्याने सांगितले, की कामाला मुंबईहून एका पारशी गृहस्थाला बोलावणे गेले आहे. दरबारात सगळ्यांना समजेल असे बोलणारा माणूस लागतो. पण पंतांनी यावे. कामाला नव्हे, नुसते बोलायला. दर आठवड्याला, प्रार्थनेनंतर.

"संडे," साहेब म्हणाला.

सगुणाबाईंचे सांगणे पंतांच्या लक्षात होते. तरीही तोंडातून गेलेच. "शंडे."

साहेबाने त्यांच्याकडे पाहिले. मग शाळेतल्यासारखे उभे राहून हळूच म्हटले, "शंडे."

"बरोबर," पंत म्हणाले. दाराशी त्यांनी हात वर धरला. "गॉड ब्लेश यू, शर." 

 परतीच्या वाटेवर पुलावर आल्यावर सोनबा म्हणाला, "काम झालं न्हाई जनू."

"काम नाही झालं. पण त्यांना माझ्याकडून भाषा ऐकायची आहे. आपल्या लोकांनी ती बिघडवली, असं त्या बिचाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसतं." पंत बैलांच्या पाठीकडे बघत राहिले. "सोनबा, बारसं कधी आहे?"

"परवा."

"सोजरच ठेव. रानातून हाक मारायची तर शोल्जर लांबडं पडेल."

"मंग येनार?"

"येईन. पाळण्यापाशी मात्र मी बरोबर उच्चार एकदा सांगून ठेवीन. पुढे तिची इच्छा."

घरी सगुणाबाई दारातच होत्या. पंतांनी पागोटे खुंटीला लावले, हातपाय धुतले आणि झाले ते सगळे सांगितले: फाटक सोडून. साहेबाच्या डोळ्यांत पाणी आले हे त्यांनी दोनदा सांगितले. सगुणाबाई पदराला हात पुसत ऐकत होत्या.

"म्हणजे पुन्हा दर आठवड्याला जाणं व्हायचं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता. "रवा संपत आलाय. आणवून ठेवते. शिरा लागेल ना?"

"या साहेबाला शिरा कशाला? पेरू दे," पंत पाटावर बसत म्हणाले. "शिम्शनसाहेबाला पुढचे दात नव्हते. याला आहेत."